खाण्याचा आवाज

ऋतूनं जेवण सोडलं, त्या हिवाळ्यात आमच्या घरात दिवसभर खाण्याचा आवाज येत होता. वाचायला विचित्र वाटेल, पण तसंच होतं, आणि म्हणूनच आम्हाला कळायला उशीर झाला. ऋतू म्हणजे माझी मुलगी ऋतुजा. तेव्हा ती नववीत होती. मागच्या प्रकरणांत मी माझं अक्कलकोटचं बालपण लिहिलं, आमच्या आईचं अर्धं कानडी, अर्धं मराठी रागावणं लिहिलं. हे प्रकरणही वाढण्याचंच आहे, फक्त माझ्या नाही, तिच्या. तिला विचारून लिहिते आहे. ती आता पुण्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. फोनवर म्हणाली, "लिही की. पण मला बिचारी करू नको आणि स्वतःला थोर करू नको." दोन्ही अटी मला मान्य आहेत.

आमचा कडक भाकरीचा धंदा. घराच्या मागं पत्र्याची लांबट खोली आहे, तिथं बायका सकाळी आठला येतात आणि दुपारी घरी जातात. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, भाकरी होईल तितकी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर ठेवून फडक्यानं दाबत दाबत तिच्यातलं पाणी पार घालवायचं. नीट जमलेली भाकरी पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. सोलापुरात लोक ती पुण्या-मुंबईच्या मुलाला पाठवतात, प्रवासाला नेतात, लग्नाच्या पंगतीत वाढतात. सोबत शेंगाचटणीही आम्ही करतो, उखळात कुटलेली, बोटांना तेल लागेपर्यंत. त्यामुळं घरात सकाळपासून थापण्याचा आवाज, चाळणीचा आवाज, उखळाचा आवाज, आणि या सगळ्यांच्या वर लक्ष्मीअक्काचा आवाज. लक्ष्मीअक्का माझ्याकडं सुरुवातीपासून कामाला. घरी तेलुगू बोलते, आमच्याशी मराठी, आणि दोन्ही भाषा ओरडून. तिचं सगळं आयुष्य कापडाच्या लूमच्या खडखडाटाशेजारी गेलं आहे. तिथं वाढलेली माणसं हळू बोलत नाहीत.

थापताना, दाबताना ज्या भाकऱ्या मोडतात, त्या विकता येत नाहीत. ते तुकडे स्वयंपाकघराच्या दाराशी एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात पडतात. तो डबा घरचा. कुणीही येता-जाता हात घालावा. पण कडक भाकरी ही नुसती जेवायची गोष्ट नव्हे, हे आमच्याकडं लहान मुलालाही ठाऊक असतं. ती आमटीत कुस्करायची, नाहीतर दह्यात, चटणी घालून, वरून तेलाची धार सोडून. नुसता तुकडा म्हणजे तोंडाला चाळा. तो चावायला भरपूर वेळ लागतो आणि पोटात जातं फार थोडं.

फोन आला तो शाळेसाठी. लॉकडाऊनमध्ये तास फोनवर सुरू झाले, तेव्हा ऋतूच्या बाबांनी तिला एक साधा फोन आणून दिला. ते जिल्हा कार्यालयात कारकून. वस्तू घेताना चार दुकानं फिरतात आणि मग पहिल्या दुकानातूनच घेतात. शाळा पुन्हा भरू लागली, फोन काही परत गेला नाही. तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. शेजारच्या गल्लीतली सानिया आणि ती, दोघी गच्चीवर जाऊन नाचाच्या रील करायच्या. खाली थापण्याचा ठेका, वर यांची गाणी. सानिया खाली येऊन तव्यावरची गरम भाकरी मागून घ्यायची आणि चटणी लावून उभ्या उभ्या खायची. ऋतूही खायची. ते वर्ष चांगलं गेलं.

नववीत नाच थांबला. म्हणजे करणं थांबलं, बघणं वाढलं. ऋतू पलंगावर भिंतीला पाठ लावून बसायची, अंगठा वर, वर, वर. मी हाक मारली की "आले की" म्हणायची आणि यायची नाही. अभ्यासाला बसली तरी पुस्तकाचं पान उलटायच्या आधी फोन उलटायची. झोप उडाली होती, सकाळी चेहरा उतरलेला. लहानसहान गोष्टीवरून चिडायची. हे सगळं मी वयाच्या खात्यात घातलं. मी पंधराची असताना आमची आई मला "तोंड फुगवलेलं मडकं" म्हणायची, त्यामुळं मला त्यात नवल वाटलं नाही. फरक एवढाच, की माझी तुलना व्हायची ती वर्षाकाठी एखाद्या लग्नात, मावशीच्या गोऱ्या मुलीशी. दोन दिवस वाईट वाटायचं, मग मावशीची मुलगी तिच्या गावी जायची. ऋतूच्या हातातली मावशीची मुलगी कधी गावी जात नव्हती. ती संपली की दुसरी येत होती.

आणि ऋतू खात होती, असं आम्हाला सगळ्यांना वाटत होतं. कारण तिच्या हातात कायम डब्यातला तुकडा असायचा. शाळेतून आली की कुडुमकुडुम. गृहपाठ करताना कुडुमकुडुम. आम्ही जेवायला बसलो की ही म्हणायची, "मघापासून खातेच आहे की, आता भूक नाही." ते खरंच वाटायचं, कारण मघापासून आवाज येतच होता. तिचे बाबा तर खूश होते. "बघा, पोरींना पिझ्झा लागतो. आपली भाकरी खाते." मलाही बरं वाटलं. आपल्या हातचा माल आपल्याच पोरीला आवडतो, यात वाईट काय वाटणार? कुठल्याशा रीलमध्ये कडक भाकरीला बिनतेलाचं, वजन कमी करणारं खाणं म्हटलं होतं, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या कुठल्या घरात पोरगी नुसते तुकडे चावत फिरली असती, तर आईनं विचारलं असतं, हे काय खातेस? आमच्याकडं कुणी विचारलं नाही. आमच्याकडं ते चणे-फुटाण्यासारखं होतं, आणि आवाज आला की जेवण झालं, असा सगळ्यांचा हिशेब.

एकटी सानिया बोलली. दारात उभी राहून म्हणाली, "काकू, इसकू कुछ खिलाव ना, देखो कैसी काडी हो गई." ऋतू तिच्यावर खेकसली, "तू गप बस गे, जाडे." सानिया खरंच थोडी भरलेली होती. ती हसली आणि गेली, आणि त्यानंतर कमी यायला लागली. मी त्या दिवशी पाच गावांच्या ऑर्डरी बांधत होते. हेही वयात घातलं.

डिसेंबरात हुरड्याचं आमंत्रण आलं. आम्ही ज्वारी घेतो ती मंगळवेढ्याकडच्या एका शेतकऱ्याकडून, सगळे त्यांना तात्या म्हणतात. दरवर्षी कोवळी कणसं भरली की ते आम्हाला बोलावतात, बायकांसकट. ती आमची सहल. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली असते, तिच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजली की तात्या ती हातावर घेऊन चोळतात आणि गरम दाणे समोरच्याच्या तळहातावर ओततात. ताट नाही, वाटी नाही. हातातून हातात. शेजारी शेंगाचटणी, गूळ, दही. गरम आहे तोवर खायचा. गार झाला की त्यात काही राहत नाही.

ऋतू फोन घेऊनच बसली होती. म्हणाली, मी सगळ्यांची रील करणार. मग काय विचारता! लक्ष्मीअक्कानं पदर नीट केला. "थांब, थांब, माझं असं तोंड वाकडं नको काढू, आमच्या जावयाला पाठवायचंय." ऋतूच्या बाबांनी कणीस तोंडाजवळ धरून ते खातायत असं करून दाखवलं, प्रत्यक्षात तोंडात काही नाही. तात्यांना हे पटत नव्हतं. त्यांनी ऋतूच्या रिकाम्या हातावर मूठभर दाणे ओतले.

"ए पोरी, त्यो फोनचा डबा ठिव खाली. हुरडा खायला दोन हात लागत्यात."

"खातेय की तात्या. हे बघा."

"मला काय दाखवतीस? खा. हितं काय पाव्हणी हाय व्हय तू?"

"खातेय हो!"

त्यांनी आणखी ओतला. तिनं हात मागं घेतला, पुन्हा पुढं केला, पुन्हा हात रिकामा होता. तात्या खूश. मीही पाहिलं, पोरीचा हात दर वेळी रिकामा होतोय. आम्ही सगळे तिच्या रीलमध्ये चांगले दिसायच्या नादात होतो. जिच्या हातात फोन असतो, तिच्याकडं कुणी बघत नाही, सगळे फोनकडं बघतात. मी हे तेव्हा शिकले. आता कुठल्याही समारंभात माझं लक्ष आधी फोटो काढणाऱ्याकडं जातं.

दोन दिवसांनी पाणी यायचा दिवस होता. आमच्याकडं नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळं पाणी येतं त्या दिवशी धुणं डोंगराएवढं. मी गरम कपडे काढले. ऋतूच्या स्वेटरचे खिसे उलटे केले आणि हातात हुरडा आला. मूठभर नव्हे, दोन्ही खिसे गच्च. चटणी लागलेला, वाळून खड्यासारखा झालेला, मध्ये गुळाचा तुकडा, लोकरीत अडकलेले दाणे. तात्यांनी दिलेला सगळाच्या सगळा. नळ धो धो वाहत होता आणि मी तशीच उभी राहिले. पाणी वाया जातंय म्हणून लक्ष्मीअक्का धावत आली. तिनं माझ्या हातात बघितलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, ही पोरगी काही खात नाही हो."

मी नळ बंद केला, आत आले, डब्यातला एक तुकडा घेतला आणि ऋतू खाते तसा खाऊन बघितला. एक कोपरा मोडायचा, चावत बसायचं, परत कोपरा. तळहाताएवढा तुकडा इतका वेळ पुरला, की बाहेर चुलीवर भाकऱ्यांचा एक घाणा होऊन गेला. कुडुमकुडुम आवाज मात्र सगळा वेळ येत होता. त्या आवाजालाच आम्ही महिनोन् महिने जेवण समजत होतो.

दुपारी ती शाळेतून आल्यावर मी तिच्यासमोर बसले आणि तिच्याकडं नीट बघितलं. तिच्या मनगटाचं हाड मला दिसलं. थंडी होती, पण बाहेर ऊन होतं आणि ही दुसरा स्वेटर घालून, वर शाल घेऊन बसलेली. मी विचारलं, "पाळी कधी आली होती?"

ती म्हणाली, "आठवत नाही."

"दिवाळीआधी?"

"आई, आठवत नाही म्हटलं ना."

आठवत नाही म्हणणारी ही मुलगी वहीत रंगीत पेनानं परीक्षेच्या तारखा लिहून ठेवणारी होती. मला पुढं काही विचारायची गरज राहिली नाही. याबद्दल मी स्वतःला बोल लावत बसले नाही, कारण तेवढा वेळ नव्हता.

ऋतूच्या बाबांनी त्यांच्या परीनं उपाय केला. फोन काढून घेतला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. "हेच मूळ आहे. हे काढलं की झालं." ऋतू रडली नाही, ओरडली नाही. ती आमच्याशी बोलायचीच थांबली. डब्यात हात घालायचीही थांबली. घरातला कुडुमकुडुम बंद झाला, आणि तो बंद झाल्यावर मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, नाडी बघितली आणि सरळ सांगितलं, हिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं न्या, उशीर करू नका. बाहेर आल्यावर ऋतूचे बाबा म्हणाले, "मनाचा डॉक्टर कशाला? फोन काढलाय की आपण."

"काढला की," मी म्हटलं. "मग झालं का?"

त्यांनी स्कूटर सुरू केली आणि तिकडंच घेतली.

त्या डॉक्टर बाई वयानं लहान होत्या, बोलायला स्पष्ट. आधी ऋतूशी एकटीशी बोलल्या, मग आम्हाला आत घेतलं. म्हणाल्या, हा हट्ट नाही, आजार आहे. फोननं एकट्यानं केला असं मी म्हणणार नाही, पण ज्या मुलीच्या मनात आधीच शंका असते तिला तो दिवसभर तीच शंका दाखवत राहतो. वजन आणखी खाली गेलं तर ॲडमिट करावं लागेल, कारण आता हृदयावर ताण येऊ लागला आहे. हे शेवटचं वाक्य त्यांनी ऋतूसमोर पुन्हा एकदा म्हटलं. मग नियम सांगितले. तीन वेळा जेवण, कुणीतरी मोठ्यानं शेजारी बसायचं. ताटाबद्दल बोलायचं नाही. खाल्लं तर शाबासकी नाही, नाही खाल्लं तर रागावणं नाही. "जेवलीस का" असं विचारायचं नाही. हा नियम ऐकून मी म्हटलं, "बाई, मग आम्ही एकमेकांशी बोलायचं काय?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शोधा काहीतरी."

आणि फोन परत द्या म्हणाल्या. एकदम तोडलं तर ती तुमच्यापासूनही तुटेल. पण एकटीनं बघायचा नाही, रोज ठरलेल्या वेळी, कुणाबरोबर तरी. जे बघून त्रास होतो ते "नको" म्हणून बाजूला करायची सोय त्यात असते, ती वापरा.

मग दुपारी, बायका गेल्या की, मी हात धुऊन ऋतूजवळ बसायला लागले. पहिल्यांदा मी ते नीट बघितलं. एक मुलगी स्वतःचा दंड टेपनं मोजते. दुसरी सकाळपासून काय खाल्लं ते दाखवते, त्यात खाणं कमी आणि बाटल्या जास्त. तिसरी स्वतःचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवते, दोन्हीकडं तीच मुलगी आणि मला तर आधीचीच बरी दिसत होती. मध्येच एखादं मांजर, एखादा विनोद, की पुन्हा दंड, कंबर, हनुवटी. मला नव्या पेठेतल्या साड्यांच्या दुकानाची आठवण झाली. तुम्ही एका हिरव्या साडीवरून नुसता हात फिरवलात, की तो माणूस हिरव्याच साड्यांची चळत समोर उलगडत सुटतो. तुम्हाला वाटायला लागतं, जगात सगळ्यांनी हिरवंच नेसलंय. पण दुकानातून माणूस उठून तरी येतो.

आम्ही "नको, नको" करत बसलो. ज्वारी निवडतात तसं. पण निवडून संपेना, कारण पोतं आम्ही भरत नव्हतो, ते पलीकडून कुणीतरी भरत होतं. तरी आठवड्याभरात जरा फरक पडला. ऋतूला त्या सगळ्या मुलींची नावं, गावं, लफडी ठाऊक होती. मी विचारायची, ती आधी नुसती हुं करायची, मग सांगायला लागली. एकदा लक्ष्मीअक्का आपला जेवणाचा डबा विसरला म्हणून परत आली आणि आमच्या मागं उभी राहून बघायला लागली.

"ही बाई रोज काकडीच खाती?"

"हो अक्का."

"नवरा नाही का तिला?"

ऋतू म्हणाली, "नवऱ्याचा काय संबंध?"

"नवरा असला की दोन टाइम सैपाक करावा लागतो. सैपाक केला की चाखावा लागतो. एवढी काकडी खाऊन कोण करील सैपाक? हिच्या घरी कुणीतरी दुसरी बाई करत असेल, ती दाखव म्हणावं."

ऋतू हसली. किती दिवसांनी, ते मी मोजलं नव्हतं. अक्काला वाटलं, आपण विनोद केला नव्हता, मग ही का हसतीय, आणि ती जरा रागावूनच घरी गेली.

जेवणं मात्र सोपी झाली नाहीत. त्याबद्दल लोक विचारतात, तेव्हा मी सांगते की त्या दिवसांत माझ्या घरात युद्ध चालू होतं, फक्त आवाज न करता. मी धंद्याचं काम लक्ष्मीअक्कावर टाकलं आणि तीन वेळा ताटाशेजारी बसले. वरणभात, मऊ भाकरी, भाजी, वाटीभर दही. कडक भाकरीचा डबा मी घरातून बाहेर, मागच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवला. ऋतू एक घास तोंडात धरून बसायची. कधी भात ताटभर पसरवायची. एकदा तिनं ताट ढकललं आणि ओरडली, "तू मला जाड करायला बसलीयस!"

मी म्हटलं, "हो. त्याच्यासाठीच बसलेय. खा."

तिला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तिनं रागानं दोन घास खाल्ले. नंतर मला हसू आलं, पण तेव्हा मी भिंतीकडं बघत होते. आणखी एक गोष्ट मला तिनंच सांगितली, बऱ्याच नंतर. मी विचारलं होतं, तुला खरंच जाड वाटायचं का गं? ती म्हणाली, "जाड-बारीक काही नाही आई. आरशात मला मी दिसायचेच नाही. फक्त दंड दिसायचे."

आता सगळं ठीक झालं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. अकरावीत एकदा पुन्हा घसरण झाली, आम्ही लवकर ओळखलं. दिवाळीत फराळाचं ताट पुढं आलं, की अजून तिच्या कपाळावर एक बारीक आठी येते, मग जाते. फोन तिच्याकडं आहे, रीलही बघते. सानियाकडं ती स्वतः गेली होती, काय बोलली ते दोघींनी मला सांगितलं नाही, पण आता सानिया घरी येते आणि उभ्या उभ्या भाकरी खाते. ऋतूचे बाबा अजून रीलचं नाव काढलं की कपाटाकडं बघतात. मी त्या डॉक्टर बाईंकडं अजून ओळखीच्या चार घरांतल्या मुली पाठवल्या. त्यातल्या दोन घरांत आई-बापांचं म्हणणं होतं, आमची पोरगी भरपूर खाते, आम्ही बघतो की. मी त्यांना म्हटलं, नीट बघा.

मला सांगायचा आहे तो एक दिवस वेगळाच, उपचाराच्या त्या पहिल्या महिन्यांतला. डॉक्टरांकडं दर भेटीला वजन व्हायचं. ऋतूला काट्यावर पाठमोरी उभी करायचे, म्हणजे आकडा तिला दिसायचा नाही. तो मला दिसायचा. बाईंनी बजावलं होतं, आकडा तिला सांगायचा नाही, तोंडानंही नाही आणि चेहऱ्यानंही नाही. मला त्याची सवय आहे. गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. पहिले काही आठवडे आकडा तिथंच अडून बसला होता. आधीच्या खेपेला बाई म्हणाल्या होत्या, पुढच्या वेळीही असंच राहिलं तर ॲडमिट करायला बेड बघू. त्यामुळं ती पुढची वेळ आली, तेव्हा मी पिशवीत ऋतूचे दोन ड्रेस आणि टॉवेल घालूनच नेलं होतं. तिला सांगितलं नव्हतं. तिला कळलं होतं.

ती काट्यावर पाठ करून उभी राहिली. आकडा वर गेला होता. थोडा, पण वर. बाईंनी लिहून घेतलं, मी पिशवीचे बंद घट्ट केले, आणि आम्ही बाहेर येऊन रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं दहा रुपये जास्त सांगितले, मी बरं म्हटलं.

थोडं पुढं गेल्यावर ऋतू म्हणाली, "वाढलं ना?"

"सांगायचं नाहीये."

"म्हणजे वाढलं."

"मी काही बोलले का?"

"कमी झालं असतं तर तू रिक्षावाल्याशी भांडली असतीस."

मी रस्त्याकडं बघितलं. माझी बावीस वर्षांची धंद्याची सवय पोरीनं एका वाक्यात उघडी पाडली. तिचा चेहरा बघता बघता वाकडा झाला आणि ती रडायला लागली. मोठ्यानं नाही, पण थांबेनाही. मी काही तिला जवळ वगैरे घेतलं नाही. तिला ते त्या दिवसांत चालत नसे. रिक्षावाला आरशातून बघायला लागला, मी त्याला म्हटलं, "पुढं बघा."

घरी आलो तर दीड वाजून गेला होता. दुपारच्या जेवणाची वेळ. बायका मागच्या खोलीत काम करत होत्या, थापण्याचा आवाज येत होता. मी पिशवी न उघडताच खाटेवर ठेवली, ताट वाढलं. मऊ भाकरी, शेंगांची आमटी, वांग्याची भाजी, दही. ऋतू हातपाय धुऊन आली. मला वाटलं होतं, आज ती खोलीत जाऊन दार लावून घेईल, आणि मग मला काय करायचं ते ठरवावं लागेल. ती पाटावर बसली. डोळे गळतच होते, नाक ओढत होती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तसाच हातात धरला.

"मला नकोय हे," ती म्हणाली. आणि तो तोंडात घातला.

गिळला. दुसरा मोडला.

"मला खरंच नकोय आई," पुन्हा म्हणाली, आणि तोही खाल्ला.

असंच चाललं. ती रडत होती आणि जेवत होती, मध्येच बाहीनं तोंड पुसत होती. मी शेजारी बसून माझं माझं जेवत राहिले. तिच्या वाटीतली आमटी तळाला गेली, तेव्हा मी काही न विचारता पळी उचलून धरली.

तिनं वाटी पुढं सरकवली.